अफवा आणि साक्ष

१

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात कायद्याच्या कलमांची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे उत्तर साधे आहे. समीक्षकाचे काम शब्द तपासण्याचे आहे, आणि अलीकडच्या काळात आमच्या वस्त्यांवर सर्वांत खोल परिणाम ज्या शब्दांनी केला ते कवितेतले नव्हते, सरकारी अधिसूचनेतले होते. कवितेतला शब्द सैल राहिला तर रसिक नाक मुरडतो. अधिसूचनेतला शब्द सैल राहिला तर एखादा पोरगा दिवसभर उपाशीपोटी कचेरीच्या ओट्यावर बसतो. अशा शब्दांची समीक्षा आपण करणार नसू तर ती कोणी करायची?

करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० पासून १८९७चा साथरोग कायदा लागू केला आणि दुसऱ्या दिवशी त्याखालचे नियम जाहीर केले. त्यांतला एक नियम आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. कोणतीही व्यक्ती, संस्था वा संघटना यांनी करोनासंबंधीची कोणतीही माहिती वस्तुस्थितीची खात्री केल्याशिवाय आणि आरोग्य आयुक्त, आरोग्य संचालक, वैद्यकीय शिक्षण संचालक किंवा जिल्हाधिकारी यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय छापील, दृक्‌श्राव्य वा समाजमाध्यमांतून प्रसृत करू नये; केल्यास तो शिक्षापात्र गुन्हा होईल, असा त्याचा आशय आहे. हेतूही तेथेच सांगितला आहे: अफवा पसरू नयेत म्हणून.

वरवर पाहता यात वावगे काय, असे वाटेल. मलाही तेव्हा तसेच वाटले होते. माणसे मरत होती, औषध नव्हते, लस नव्हती आणि फोनवर कोणी काहीही पाठवत होते. पण नियमात दोन अटी आहेत हे नीट पाहिले पाहिजे. खात्री करा, ही पहिली. परवानगी घ्या, ही दुसरी. पहिली अट सत्याशी संबंधित आहे, दुसरी सत्तेशी. खात्री केलेली, डोळ्यांनी पाहिलेली, अंगावर भोगलेली गोष्टसुद्धा परवानगीवाचून सांगितली तर गुन्हा. म्हणजे या नियमापुरती अफवा या शब्दाची व्याख्याच बदलली. जे खोटे आहे ते अफवा, असे आपण समजत होतो. येथे ज्यावर शिक्का नाही ते अफवा.

आणि शिक्का कोणाजवळ असतो, हे गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

२

आता एक प्रसंग सांगतो. तो माझ्या स्वतःच्या अपराधाचा आहे, म्हणून तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

माझे गाव जिल्ह्याच्या पूर्व भागातले, कोरडवाहू. दसरा-दिवाळी उलटली की आमची निम्मी वस्ती उचल घेऊन कारखान्यांवर जाते. माझ्या आईवडिलांनी ऊस तोडला. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. २०२० साली एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होतो. टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या चुलतभावाचे कुटुंब कारखान्याच्या फडावर, कोपीत अडकले होते. एप्रिलच्या मध्यावर शासनाने ऊसतोड मजुरांना घरी परतण्याची परवानगी दिली. माणसे ट्रॅक्टर-ट्रकांतून गावी आली आणि गावाने त्यांना वेशीबाहेरच्या शाळेत ठेवले. विलगीकरणाला माझा विरोध नव्हता, आजही नाही. साथीत वेगळे राहावे लागते. पण वेगळे ठेवलेल्या माणसाला पाणी लागते.

शाळेची टाकी कोरडी होती. दोन दिवस टँकर आला नाही. तिसऱ्या रात्री बायका घागरी घेऊन जवळच्या विहिरीवर गेल्या, तर त्यांना तेथून परत पाठवले गेले. कारण रोगाचे सांगितले गेले; आवाज जुनाच होता. चुलतभावाचा मुलगा तेव्हा बारावी झालेला. त्याने हे सगळे चार ओळींत गावाच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहिले आणि रिकाम्या टाकीचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणे आले. कोणत्या कचेरीतून आले ते येथे सांगत नाही; त्या काळात ते कोणत्याही कचेरीतून येऊ शकत होते. फोन काढून घेतला गेला. साथीच्या कायद्याखाली गुन्हा दाखल होईल, नोकरीच्या वयात नावावर केस लागेल, असे बजावले गेले. नाहीतर माफीनामा लिहून दे.

दुपारी भावाचा मला फोन आला. मी गेलो. पोरगा म्हणाला, "नाना, मी खोटं काय लिवलं ते सांगा आधी. मग लिवतो माफी."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळ भीती होती. त्याची होती, आणि खरे सांगायचे तर माझीही होती. तासिकेवरच्या मास्तराची नोकरी ती काय. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा यादी. मी कागद मागून घेतला आणि माफीनामा मीच लिहिला. पोराने फक्त खाली सही केली.

त्या कागदातली भाषा मला अजून पाठ आहे. "मी अज्ञानातून व गैरसमजातून चुकीची माहिती प्रसारित केली. त्यामुळे प्रशासनाची बदनामी झाली. याबद्दल मी दिलगीर असून पुन्हा असे घडणार नाही." विद्यार्थ्यांना उताऱ्याचे रसग्रहण शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या उताऱ्याचेही करावे. अज्ञानातून, असे मी लिहिले. त्या गावात टाकीत पाणी नाही हे पक्के ज्ञान ज्यांना होते, त्यांतला हा एक होता. गैरसमजातून, असे लिहिले. समज गैर होण्याइतके त्यात होते काय? बदनामी झाली, असे लिहिले; तहान लागली होती, ती कोठेच नाही. त्या साऱ्या कागदात 'पाणी' हा शब्द एकदाही आलेला नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह दरवर्षी २० मार्चला वर्गात सांगणारा मी, पाण्याच्या तक्रारीवरचा कागद पाणी हा शब्द गाळून लिहून गेलो.

अशा रीतीने एक साक्ष अफवा झाली. तिला अफवा करणारा हात माझा होता.

३

हा कायदा १८९७चा आहे म्हणून त्या सालाकडे वळले पाहिजे. मुंबईत प्लेग सुरू झाला तो १८९६ साली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा कायदा अस्तित्वात आला. त्याची कलमे अवघी चार. पहिल्यात नाव. दुसऱ्यात, सरकारला आवश्यक वाटेल ते उपाय योजण्याचा आणि नियम करण्याचा अधिकार. तिसऱ्यात, नियम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात, या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावरही दावा वा खटला चालणार नाही, हे संरक्षण. रोग्याला काय मिळेल, विलग ठेवलेल्याला अन्नपाणी कोण पुरवील, त्याने तक्रार कोठे करावी, याबद्दल या मूळ चार कलमांत एक अक्षर नाही. आणि सद्‌हेतू हा शब्द पाहा. अधिकाऱ्याचा सद्‌हेतू कायद्याने ढालीसारखा पुढे केला आहे. टाकीचा फोटो टाकणाऱ्या पोराचाही हेतू सद्‌च होता. त्याच्यासाठी चौथे कलम नाही.

पुण्यात या कायद्याच्या बळावर रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मराठी पाठ्यपुस्तकांतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून १८९७ची आठवण आपल्याला मिळते ती ही. तिच्या केंद्रस्थानी घर आहे: देवघरात शिरलेले बूट, हात लावलेली भांडी, भंगलेले पावित्र्य. तो जुलूम खरा होता, हे मी नाकारत नाही. पण ज्यांना देवघरही नव्हते आणि ज्यांच्या स्पर्शानेच पावित्र्य भंगते असे मानले जात होते, त्यांचे त्या साथीत काय झाले?

त्यासाठी दुसऱ्या आठवणीकडे जावे लागते. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी झटता झटता फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच रोगाने गेले. सावित्रीबाई फुले यांनी, ज्यांचे अध्यापनाचे शिक्षण आमच्या अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे झाले होते त्यांनी, मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एका परंपरेने स्पर्श झाला म्हणून संताप केला. दुसरीने स्पर्श केला आणि त्याची किंमत प्राणांनी दिली. पांडुरंगाचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कोणीतरी सांगितले आणि कोणीतरी लिहून ठेवले. त्या लिहिण्याला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागली असती तर?

याच वर्षातला आणखी एक प्रसंग माझ्या माफीनाम्याशी जुळणारा आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांची हकिगत तेथील वृत्तपत्राला सांगितली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत आणि उघडपणे साक्ष द्यायला कोणी पुढे आले नाही. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यांची माफी त्यांच्या चारित्र्याच्या चर्चेत पुष्कळ वेळा आली आहे. मला तिच्यात वेगळीच गोष्ट दिसते. साक्षीदार भीतीने गप्प बसले की खरे-खोटे ठरवण्याची वाटच बंद होते. मग सत्तेचा शब्द तेवढा उरतो.

४

१८९७ सालीच टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. तो प्लेगवरच्या टीकेबद्दल नव्हता. 'केसरी'तील शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुराबद्दल होता. पण रँड यांच्या खुनानंतरच्या वातावरणात तो भरला गेला, हे उघड आहे. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला राजद्रोहाच्या कलमातील अप्रीती या शब्दाचा अर्थ सांगितला तो असा, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. ज्यूरीतले सहा युरोपियन एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूला, असा निर्णय होऊन टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

येथे आपल्या चळवळीतल्या काही मित्रांशी मला वाद घालायचा आहे. ते म्हणतात, टिळकांच्या तुरुंगवासाचे आम्हाला काय? 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. ते खरे आहे आणि ते विसरण्याचे कारण नाही. ज्यांच्या तोंडावर सरकारने हात ठेवला, त्यांनी आपल्या वृत्तपत्राची दारे आमच्यावर बंद केली होती. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? तोंड दाबण्याचे हत्यार चांगले, असा? हत्यार कोणाच्या गळ्यावर आधी चालले याला महत्त्व नाही. ते ठेवणीत राहते आणि शेवटी ज्याचा गळा सर्वांत उघडा त्याच्यापाशी येते, याला महत्त्व आहे. सनातनी मुखातून निघालेल्या शब्दालाही जे स्वातंत्र्य मी मागतो, ते उपकार म्हणून नव्हे. उद्या माझ्या पुतण्याला ते लागणार आहे म्हणून मागतो.

आता १८९७ मधून २०२० मध्ये या. २३ मे २०२० रोजी मुंबई पोलिसांनी जमावबंदीच्या कलमाखाली एक आदेश काढला. साथ रोखण्यासाठी झटणारे सरकारी अधिकारी आणि त्यांची कृती यांच्याविषयी अविश्वास निर्माण करणारा मजकूर समाजमाध्यमांवर टाकण्यास त्यात मनाई होती आणि ग्रुप चालवणाऱ्यांवरही त्याची जबाबदारी टाकली होती. स्ट्रॅची यांची अप्रीती आणि या आदेशातला अविश्वास शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकशे तेवीस वर्षांत राज्य बदलले, झेंडा बदलला, संविधान आले. पण हुकमाच्या भाषेला जनतेच्या मनातल्या भावनेची हमी हवी आहे ती तशीच. कायदा पाळा, एवढ्यावर ती थांबत नाही. आमच्यावर विश्वासही ठेवा, असे ती म्हणते.

संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्यावर कोणकोणत्या कारणांनी वाजवी निर्बंध घालता येतील त्याची यादी दिली आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी अशी ती कारणे आहेत. सरकारवरील अविश्वास हे कारण त्या यादीत नाही. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम टिकवले, पण हिंसेला वा अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरतेच मर्यादित केले. केवळ कठोर टीका हा गुन्हा नव्हे, हे स्पष्ट केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध जो इशारा दिला, त्याचाही अर्थ हाच होतो. लोकशाहीत नागरिकाचे कर्तव्य विश्वास ठेवण्याचे नाही, तपासून पाहण्याचे आहे.

हे सारे कोणत्या एका पक्षाचे पाप आहे, असे मात्र समजू नये. तेव्हा केंद्रात एका आघाडीचे सरकार होते, राज्यात दुसरीचे. नियम राज्याचे होते. केंद्रानेही ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात, सरकारकडून खातरजमा केल्याखेरीज साथीविषयी काही छापू नये, असा आदेश मागितला. न्यायालयाने चर्चा थांबवली नाही, पण माध्यमांनी सरकारी माहितीचा आधार घेऊन ती प्रसिद्ध करावी, असे सांगितले. त्याच एप्रिलच्या १४ तारखेला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, आपण घराघरांत दिवे लावून बसलो होतो तेव्हा आनंद तेलतुंबडे मुंबईत राष्ट्रीय तपास यंत्रणेसमोर शरण गेले. तो खटला साथीच्या कायद्याखालचा नव्हता. जामीन मिळायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. पण एरवी ज्या दिवशी लाखो माणसे रस्त्यावर असतात, त्या दिवशी रस्ता रिकामा होता. साथीने माणसे घरात बसवली होती आणि निषेधही घरात बसला होता.

५

आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट. दिल्लीतील तबलिगी मेळाव्यानंतर देशभर जे रान उठवले गेले, त्यात अहमदनगर जिल्ह्यातील मशिदींत राहिलेल्या परदेशी नागरिकांवर गुन्हे नोंदवले गेले. भारतीय दंड संहिता, साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, परदेशी नागरिकांविषयीचा कायदा अशी कलमांची मोळीच बांधली होती. आफ्रिकेतील काही देश आणि इंडोनेशिया येथून आलेले एकोणतीस परदेशी आणि त्यांना आसरा देणारे सहा भारतीय यांच्यावरील हे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले. साथ किंवा संकट आले की राजकीय सरकार बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी माणसांना तसे निवडले गेले असण्याची शक्यता दिसते, या आशयाचे निरीक्षण न्या. नलावडे यांनी नोंदवले. छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, हेही निकालात आले.

नियम अफवेविरुद्ध होता, हे येथे पुन्हा आठवा. २०२०च्या उन्हाळ्यातली महाराष्ट्रातली सर्वांत मोठी अफवा कोणती? एका धर्माची माणसे मुद्दाम रोग पसरवीत आहेत, ही. ती रात्रंदिवस पडद्यावर, परवानाधारक वाहिन्यांवरून पसरली. माझ्या गावात भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवले जाऊ लागले. त्या अफवेला कोणाची पूर्वपरवानगी मागितली गेल्याचे मी पाहिले नाही. तिच्यासाठी कोणाला ओट्यावर बसवल्याचेही पाहिले नाही. म्हणजे नियमाचे जाळे असे विणलेले, की मोठी मासळी आरपार जावी आणि टाकीचा फोटो टाकणारा पोरगा अडकावा.

त्या निकालपत्रातली आणखी एक गोष्ट समीक्षक म्हणून मला फार मोलाची वाटली. दुसरे न्यायमूर्ती, न्या. सेवलीकर, गुन्हे रद्द करण्याशी सहमत होते. काही निरीक्षणांशी मात्र नव्हते. तसे त्यांनी नोंदवले आणि ती नोंद त्याच निकालाचा भाग झाली. मतभेद असूनही निकाल निकाल राहिला, न्यायालयाची बदनामी झाली नाही. ज्या कागदावर मतभेदाला जागा असते त्याच्यावर विश्वास बसतो. आमच्या माफीनाम्यावर तशी जागा नव्हती.

३० एप्रिल २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेत माणसे प्राणवायूवाचून तडफडत असताना, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समाजमाध्यमांवर आपली गाऱ्हाणी मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. गाऱ्हाणे आणि अफवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने उच्चारले. आमच्या शाळेतल्या टाकीला त्या दिवशी एक वर्ष उलटून गेले होते.

६

मग अफवेचे काय? तिला मोकळे सोडायचे? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण अफवेने मारलेली माणसे बहुधा आपलीच असतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारले गेले. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. फोनवरून फिरलेल्या खोट्या मजकुराने त्यांचा जीव घेतला. तेव्हा अफवेला शिक्षा नको, असे भटक्या-विमुक्तांच्या आणि दलितांच्या बाजूने बोलणारा कोणीही म्हणणार नाही.

परंतु अफवा आणि साक्ष यांत फरक करता येतो आणि तो आपण दलित साहित्यातूनच शिकलो आहोत. अफवेला तोंड नसते. ती कोणीतरी सांगितली असते, कोठेतरी घडलेली असते. साक्षीला नाव असते, गाव असते, वेळ असते. ती तपासता येते आणि खोटी निघाली तर सांगणाऱ्याला धरता येते. पोराच्या चार ओळींखाली त्याचे नाव होते. फोटोत शाळा दिसत होती. टाकी चालत जाऊन पाहण्याइतक्या अंतरावर होती. खात्री करायचीच असती तर वर चढून झाकण उघडायचे होते. झाकण उघडण्याऐवजी फोन काढून घेणे सोपे गेले.

आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जन्मलेल्या दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्या सुमारास आणि नंतर जी आत्मकथने आली, त्यांच्याविषयी प्रस्थापित समीक्षेने पहिला प्रश्न कोणता विचारला? हे असे खरेच होते काय, यात भडकपणा नाही काय, हा. भडकपणा, एकांगीपणा, अतिशयोक्ती ही अफवा या शब्दाची साहित्यातली भावंडे आहेत. ज्याने पाहिले त्याचा शब्द कच्चा आणि ज्याने पाहिले नाही त्याचा शब्द पक्का, हा न्याय अधिसूचनेने शोधून काढलेला नाही. तो वाड्यावर आणि चावडीवर फार जुना आहे. दलित साहित्याने तो उलटवला. परवानगी न घेता बोलणे हाच या साहित्याचा जन्म आहे. म्हणून २०२०चा तो नियम हा केवळ आरोग्यखात्याचा विषय नाही. तो आपल्या साहित्याच्या मुळाशी येतो.

साक्ष किती नाजूक असते हे नगर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. खर्ड्याच्या २०१४च्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सारे आरोपी सुटले. गावात राहून गावाविरुद्ध बोलणे ही काय चीज आहे, ते त्या निकालाने दाखवले. अशा जिल्ह्यात एखादा पोरगा स्वतःच्या नावाने चार खऱ्या ओळी लिहितो, तेव्हा त्याला जपणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. आपण शिकलो ते सरकारी भाषेतला अर्ज नीट लिहिता यावा म्हणून. पण त्याच भाषेत आपल्या माणसाची माफी लिहून देण्यासाठी नव्हे.

७

तो मुलगा आता पुण्याकडे एका कारखान्यात कंत्राटावर आहे. फोन चांगला आहे. ग्रुपवर सणासुदीला फुले पाठवतो, बाकी काही लिहीत नाही. मध्यंतरी गावात रेशनच्या धान्याची तक्रार होती. मी त्याला म्हटले, लिही. तो म्हणाला, "नाना, तुम्हीच लिवा. तुम्हाला दोन्ही लिवता येतं." हे वाक्य त्याने हसत म्हटले. माझ्या मनातून ते गेले नाही.

साथरोगाचा १८९७चा कायदा अजून अस्तित्वात आहे. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांच्या संरक्षणासाठी, आणि ती योग्यच होती. विलग ठेवलेल्या माणसाच्या पाण्याबद्दल आणि तक्रारीबद्दल तेव्हाही काही आले नाही. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. पण ती येईल तेव्हा हीच कलमे पुन्हा बाहेर काढली जातील. त्याआधी आपल्या हातात जे आहे ते केले पाहिजे. कायद्यात गाऱ्हाण्याला जागा असावी आणि पूर्वपरवानगीची अट पुन्हा येऊ नये, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. शिक्षकांनी मुलांना निबंधाऐवजी एकदा त्या दोन वर्षांतले आपल्या घरचे लिहायला सांगावे: रेशनची रांग, बंद शाळा, फोन नव्हता म्हणून सुटलेला वर्ग, गेलेले माणूस. नाव, गाव, तारीख घालून. मी यंदा एका वर्गाला सांगितले. पहिल्या दिवशी एका मुलीने विचारले, "सर, हे लिहिलं तर चालतं का?" परवानगीची सवय किती खोल गेली आहे, ते त्या प्रश्नात आहे.

राहिला माझा तो कागद. तो कोणत्या तरी फायलीत असेल. मी लिहिलेले मला तेथून काढून आणता येणार नाही, पण येथे मागे घेता येईल. तो मुलगा अज्ञानी नव्हता. त्याचा गैरसमज झाला नव्हता. एप्रिल २०२० मध्ये आमच्या गावच्या शाळेच्या टाकीत पाणी नव्हते आणि विहिरीवर गेलेल्या बायकांना परत पाठवले होते. हे मी पाहिले आहे आणि कोणाची परवानगी न घेता लिहीत आहे.